फोटोतला माणूस सापडला, चोर नाही

सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा करणाऱ्यांना आधी सांगतो, कारण हे फोन आपल्यालाच येतात. 'मिलिटरीतून बोलतोय, युनिटसाठी 200 टॉवेल पाहिजेत, पेमेंट लगेच.' माझ्या थोरल्या भावाला असाच आला. गोड हिंदी, मापाची नीट चौकशी आणि दराची घासाघीस अजिबात नाही. (टॉवेलचा भाव न पाडणारं गिऱ्हाईक दादानं गादीवर बसल्यापासून बघितलेलं नाही, पण असो.) पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड, मग क्यूआर कोड. 'स्कॅन करून पिन टाका, आमच्याकडून असंच पेमेंट होतं.' पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपलेच जातात. दादाला हे ठाऊक होतं, पण समोर वर्दी होती. दोनदा मिळून 24,000 गेले.

इथवरचं बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. सांगायचंय ते पुढचं.

दादाचं एकच पालुपद: 'तोंड दिसायलंय की फोटोत, जातोय कुठं!' पुतण्यानं फोटो गूगल लेन्सला टाकला आणि तोच फोटो एका फेसबुक खात्यावर निघाला. कार्डावर होतं तेच नाव. घरात जल्लोष, चोर सापडला! दादानं त्या माणसाला मेसेंजरवर सोलापुरी भाषेत जे काय लिहिलं ते इथं देत नाही. त्यानं शांतपणे उत्तर दिलं: माझा फोटो वापरून कुणीतरी लोकांना गंडवतंय, असे मेसेज मला सारखे येतात, मी तक्रारही दिली आहे.

चोरानं फोटो आणि नाव एकाच खात्यावरून उचललं होतं, मग जुळणारच. हे चित्र किंवा यासारखं चित्र अजून कुठं आहे, एवढंच लेन्स दाखवतं. ते आपल्याला कुणी पाठवलं, हे त्याला कुठून कळणार? टिनआय या चित्र शोधायच्या साइटवरही चित्राच्या प्रतीच सापडतात. पिमआईजसारख्या साइट चेहरा जुळवतात, पण चोरानं दुसऱ्याचं तोंड लावलं असेल तर त्याही त्या दुसऱ्याच्याच दारात नेऊन सोडणार.

दादाला हे पटेना. टेलिग्रामवर एक 'सायबर एक्सपर्ट' भेटला. फोटोवरून माणूस काढून देतो, लाइव्ह लोकेशनसकट, फी 2,500. दादाचा मित्र म्हणाला, 'काय बे, अजून पैसे घालवायलास?' तरी फी गेलीच. बदल्यात आली एक पीडीएफ. फोटोतल्या चेहऱ्याभोवती लाल चौकट, खाली '98% मॅच', नकाशावर राजस्थानात कुठंतरी एक टिंब. नाव मात्र त्याच फेसबुकवाल्याचं! म्हणजे पुतण्यानं फुकटात काढलेलंच यानं रंगवून विकलं. टिंब तर निव्वळ बनाव. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो आला की त्यातली कॅमेऱ्याची आणि ठिकाणाची माहिती निघून गेलेली असते. त्यातून लोकेशन काढणार कुठून? मग 'घराचा पत्ता पाहिजे तर प्रीमियम सर्च, 6,000.' तिथं मी दादाचा फोन काढून घेतला.

या सगळ्यात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा राहिला. केला तेव्हा फोटोची चौकशी झालीच नाही. विचारलं ते पैसे गेल्याची वेळ, कुठल्या यूपीआय आयडीवर गेले, आणि बँकेच्या मेसेजमधला 12 आकडी व्यवहार क्रमांक. चोराचा खरा माग तिथं असतो. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. आमचे बरेचसे तोवर पुढं सरकले होते, 3,100 तेवढे होल्ड झालेत, ते सोडवायचे कागद चालू आहेत. चॅट, क्यूआर, कॉलचे नंबर काही डिलीट करू नका. दादानं रागात निम्मं चॅट उडवलं होतं.

आणि त्या फेसबुकवाल्याचा फोटो 'हा चोर' म्हणून आपल्या व्यापाऱ्यांच्या दोन ग्रुपवर अजून फिरतोय. आला तर पुढं ढकलू नका, उडवा.

परवा दादाला नवीन नंबरवरून मेसेज आला: 'आधीच्या एक्सपर्टनं फसवलंय का? त्याचा डीपी पाठवा, शोधून देतो.'