न्हावा-शेवा की वाढवण?
द्राक्षं परदेशी कुठल्या बंदरातून पाठवता, असं नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला आज विचारलं तर उत्तर एकच: मुंबईजवळचं न्हावा-शेवा. गार कंटेनर शेतशिवारातून निघतो आणि तिथून रॉटरडॅमच्या वाटेला लागतो. १९८९पासून चालू असलेल्या या बंदराची अडचण खोलीची आहे. गाळ उपसून उपसून १५ मीटरच्या आसपास पाणी राखावं लागतं. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराला मात्र निसर्गतःच सुमारे २० मीटर खोली. म्हणजे २४,००० कंटेनरांची जहाजं थेट लागतील, कोलंबोला माल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च वाचेल. व्यापाराच्या हिशेबात वाढवण सरस, हे मान्यच. पण ऑगस्ट २०२४मध्ये पायाभरणी झालेलं हे ७६,००० कोटींचं बंदर अजून उभं राहायचंय. आणि त्याच पाण्यावर पोट असलेल्या डहाणूच्या मच्छीमारांची जाळी उद्या कुठे पडणार, ते आधी ठरायला हवं.