टाइमशेअरचा आठवडा भाड्याने घेताय? ‘मेंबरचे सगळे फायदे’ म्हणजे काय ते आधी रिसॉर्टला विचारा

टाइमशेअरमधली फसवणूक म्हटली की आपल्याला आठवतो तो ‘तुम्हाला गिफ्ट लागलंय, नवरा-बायको दोघांनी यायचं’ असा फोन, हॉटेलच्या हॉलमधलं न संपणारं प्रेझेंटेशन आणि शेवटी पुढे सरकवलेलं कार्डाचं मशीन. त्यावर बरंच लिहून झालंय. मी सांगतेय ते मेंबर न होता मेंबरचा आठवडा भाड्याने घेणाऱ्यांसाठी. आमचं बुकिंग बनावट नव्हतं. खोली मिळाली, ती नीटही होती. म्हणूनच नंतर कुणी दाद देईना.

हा व्यवहार मुळात चालतो कसा? मेंबर रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपनीला सुरुवातीला काही लाख भरतो. बदल्यात त्याला बरीच वर्षं, काही योजनांत २५ वर्षं, दरवर्षी साधारण सात रात्री तिच्या रिसॉर्टमध्ये राहायला मिळतात. शिवाय वार्षिक शुल्क असतं, तुम्ही जा नाहीतर नका जाऊ. एखाद्या वर्षी मुलाची दहावी असते, कुणाचं ऑपरेशन निघतं. रात्री पडून राहतात आणि शुल्काचं बिल मात्र वेळेवर येतं. मग माणूस तो आठवडा कुणाला तरी देऊन निदान शुल्क वसूल करायला बघतो. मला त्यात वावगं काही वाटत नाही. घेणाऱ्यालाही ऐन डिसेंबरात गोव्यात हॉटेलपेक्षा स्वस्तात स्वयंपाकघर असलेली जागा मिळते, आणि पथ्याचं खाणारे आई-बाबा सोबत असले की त्या स्वयंपाकघराची किंमत कळते.

आम्हाला दक्षिण गोव्यातला आठवडा फेसबुकवरच्या जाहिरातीतून मिळाला. एका मेंबरने तशाच खोलीचे ४०,००० सांगितले होते. या गृहस्थांनी ५२,००० सांगितले, पण ‘ऑल मेंबर बेनिफिट्स’सकट: नाश्ता, रेस्टॉरंटमध्ये वीस टक्के सूट, मुलांचा अ‍ॅक्टिव्हिटी क्लब फुकट, स्पाची दोन सेशन्स आणि सकाळी लवकर चेक-इन. म्हणजे वरचे १२,००० हे निव्वळ सवलतींचे. व्हाउचर आलं, त्यावर गेस्ट म्हणून माझं नाव होतं. रिसॉर्टला फोन केला, त्यांनी बुकिंग असल्याचं सांगितलं. मेंबरचं नाव आणि नंबर तेवढा काळा केलेला होता. ‘प्रायव्हसी असते ना ताई.’

निघायच्या आदल्या रात्री त्यांचा मेसेज आला: रिसेप्शनवर विचारलं तर मी तुमचा मावसभाऊ आहे म्हणून सांगा, भाड्याचा विषय काढू नका.

काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, “मॅडम तुमच्या कोण?” मेंबर बाई होती. आमचा मावसभाऊ तिथेच निकालात निघाला. वर आईने मोठ्याने विचारलं, “कोण मॅडम गं?”

पुढचं सगळं त्या मुलीने शांतपणे, छापील कागद दाखवून सांगितलं. सूट, नाश्ता, स्पा हे मेंबर किंवा त्याच्या कार्डावर नाव असलेले घरचे स्वतः राहायला आले तरच. गेस्टला खोली आणि स्विमिंग पूल. मुलांच्या क्लबचे रोजचे पैसे, जादा गादीचे वेगळे. खोली दुपारी दोननंतर. तोवर आई-बाबा लॉबीतल्या सोफ्यावर बसून होते, रात्रभरच्या प्रवासानंतर.

मावसभावाची थाप आपल्याला संकोचातून वाचवायला दिलेली नसते. ती देणाऱ्याला वाचवते. बहुतेक कंपन्यांच्या करारात नातेवाईक-मित्रांना पाठवायला मुभा असते, धंदा म्हणून भाड्याने द्यायला नसते. आरसीआयसारख्या, मेंबरांना आपापले आठवडे अदलाबदल करून देणाऱ्या संस्थेतून मिळालेला आठवडाही गेस्ट सर्टिफिकेटवर दुसऱ्याला देता येतो, पण ते सर्टिफिकेट पैसे घेऊन विकायला मनाई आहे. त्यामुळे ‘मी या सवलतींचे पैसे मोजलेत’ असं काउंटरवर म्हणावं, तर बुकिंगच रद्द व्हायची भीती. सामान खाली, म्हातारी माणसं सोफ्यावर, गोवा भरलेलं. अशा वेळी कोण बोलणार?

त्या गृहस्थांना फोन लावला तर, “रूम मिळाली ना ताई? मग?” दुसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक. ते मेंबर नव्हतेच. ज्यांना आठवडा वापरता येत नाही अशांचे लॉगिन घेऊन बुकिंग करणारे ते दलाल. त्या बाईंना आम्हाला काय काय कबूल केलं होतं याचा पत्ताही नसेल. यूपीआयवर नाव तिसऱ्याच कुणाचं.

पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, म्हणजे फसवणुकीचा, विषय काढला. उत्तर मिळालं की राहून आलात ना, मग ही दिवाणी बाब. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यावर कंपनीने कळवलं की आमचा करार मेंबरशी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं, पण सामनेवाला म्हणून नाव-पत्ता कुणाचा घालायचा?

आता या सवलती भाडेकरूला मिळायला हव्यात का? माझा कंपनीवर राग आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी. जेवणावरची सूट, स्पा हे वर्षानुवर्षं शुल्क भरणाऱ्याला दिलेलं आमिष आहे. ते मला मिळालं नाही म्हणून मी भांडणार नाही. अमेरिकेत डिस्ने व्हेकेशन क्लब या डिस्नेच्या टाइमशेअरमध्ये मेंबरला रात्रींऐवजी पॉइंट्स मिळतात; ते भाड्याने घेणाऱ्यालाही डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये उतरलेल्या इतर पाहुण्यांसारखा तिथल्या थीम पार्कमध्ये लवकर प्रवेश मिळतो, मेंबरची सूट मात्र नाही. ही वाटणी मला पटते. मुलांचा क्लब, भांडीकुंडी, लहानसहान सोयी या त्या जागेच्या आहेत. तिथे माझ्या मुलाकडून पैसे घेऊन शेजारच्या मेंबरच्या मुलाला फुकट सोडणं मला कोतेपणाचं वाटतं. आणि काउंटरवर दाखवला तो छापील कागद गेस्टच्या व्हाउचरसोबतच पाठवायला कंपनीला काय अडचण आहे? तेवढं केलं तर दलालांचं निम्मं दुकान बंद होईल.

तोवर फोनवर ‘बुकिंग आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. रिसॉर्टला ईमेल करा: मेंबर सोबत नाही, गेस्ट म्हणून येतोय, नाश्ता, मुलांचा क्लब, जादा गादी, चेक-इनची वेळ, यात काय मिळेल आणि कशाचे किती पडतील? गेस्टला भाड्याने येता येतं का, हेही विचारा. मेंबरचं नाव झाकलेलं व्हाउचर घेऊ नका. व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोला आणि पैसे त्याच्याच खात्यात भरा. सवलतींसाठी जास्त मागितले तर ती रक्कम चेक-इन झाल्यावर देईन म्हणून सांगा. बुकिंगच खोटं निघालं तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता आले तर तिथूनच. आणि कुणी मावसभाऊ व्हायला निघाला, तर पैसे भरायच्या आधीच नातं तोडा.