नव्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आणि क्रिस्टलडिस्कइन्फो

एक टीबीची हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच फोटोंचे फोल्डर उघडताना विंडोज अडकू लागले आणि डिस्कमधून थांबून थांबून टक्‌-टक्‌ असा आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप सुरूही न करता ‘विंडोज पुन्हा टाकून घ्या’ असे सांगण्यात आले. विंडोज पुन्हा टाकण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मूळचे जपानी, मोफत सॉफ्टवेअर चालवून पाहिले, म्हणून माझे फोटो वाचले.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या यंत्रणेत स्वतःच ठेवत असते आणि हे सॉफ्टवेअर ती वाचून दाखवते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे डिस्क गेल्यातच जमा. मला पिवळा दिसला. ‘सी५’ या ओळीत, म्हणजे वाचता न आल्यामुळे डिस्कने संशयित म्हणून बाजूला नोंदवलेल्या सेक्टरांपुढे (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहिती साठवण्याचा छोटा कप्पा), १८ हा आकडा होता. हे आकडे सुरुवातीला षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या, पद्धतीत दिसतात, त्यामुळे १८ म्हणजे एक सोळा आणि आठ, प्रत्यक्षात २४ सेक्टर. मेनूतून दशमान पद्धत निवडता येते, पण ती आधीपासूनच निवडलेली असती तर नवख्या माणसाची फसगत टळली असती. दोन दिवसांत २४ चे ३१ झाले. केबलमधल्या चुका मोजणारी ‘सी७’ ही ओळ मात्र शून्यावरच होती, त्यामुळे दोष जोडणीत नसून डिस्कमध्येच आहे, हे मला ठामपणे सांगता आले.

हे सॉफ्टवेअर दुरुस्ती करत नाही आणि निळा रंग दिसत असतानाही डिस्क अचानक बंद पडू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. पिवळा रंग दिसल्यावर मात्र आधी बॅकअप घ्यावा. विंडोजमधल्या ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेचा आर पर्याय सगळी डिस्क वाचत तासन्‌तास चालतो आणि आधीच खचलेल्या डिस्कला तेवढा ताण सोसेलच असे नाही. मी आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवली, मगच दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. ते पाहिल्यावर विंडोजचा विषय पुन्हा निघाला नाही आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळाली. नव्या डिस्कवर ‘सी५’पुढे शून्य आहे आणि दर रविवारी ती ओळ मी पाहतो.