बीगलबोन ब्लॅक की रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू?

दोन्ही लिनक्सवर चालणारे, एकाच बोर्डवरचे छोटे संगणक. नुसत्या वेगावर निवड करायची तर पाय सरळ जिंकते. तिच्यात 1 गिगाहर्ट्‌झचे चार कॉर्टेक्स-ए53 कोअर आहेत. बीगलबोनच्या एएम3358 या मुख्य चिपमध्ये त्याच वेगाचा एकच, जुना कॉर्टेक्स-ए8. रॅम दोन्हीकडे 512 एमबी. वायफाय पायवर आयतं मिळतं, बीगलबोन ब्लॅकला इथरनेटची वायर लागते.

पण मोटर फिरवायची असेल तर? लिनक्स कामं आपल्या सवडीने उरकतं, मोटरला द्यायची पल्स (विजेचा छोटा ठोका) एखाद्या मिलिसेकंदाने सहज चुकते. एएम3358 मध्ये त्यासाठी पीआरयू नावाचे दोन छोटे स्वतंत्र कोअर आहेत. 200 मेगाहर्ट्‌झवर चालतात, बहुतेक सूचना 5 नॅनोसेकंदांत उरकतात आणि लिनक्स कशात गुंतलंय याची त्यांना फिकीर नसते. शिवाय सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा 12 बिटांचा एडीसी चिपमध्येच आहे. (त्याला 1.8 व्होल्टच्या वर काही जोडू नका, चिप जाईल.) पायला ॲनालॉग सेन्सरसाठी वेगळी चिप लावावी लागते.

माझ्या मते खरा फरक पुढेच कळतो. एएम3358 सुटी विकत मिळते आणि तिचं हजारो पानी मॅन्युअल सगळ्यांना खुलं आहे, त्यामुळे स्वतःचा बोर्ड बनवता येतो. पायची चिप किरकोळीत मिळत नाही. अख्खा बोर्डच वापरावा लागतो.

कॅमेरा किंवा घरगुती सर्व्हरसाठी मी पायच घेईन. मशीनला जोडायचं असेल तर बीगलबोन.