सफरचंदाच्या स्टेम सेलचं सीरम: साडेचार महिने, तीन बाटल्या आणि आखूड ड्रॉपर

उन्हापासून त्वचा वाचेल म्हणून सफरचंदाच्या स्टेम सेलचं (नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचं) हे सीरम घेतलं. आधी ड्रॉपरचं बोलू. 30 मिलीच्या बाटलीत काचेची नळी तळापासून जवळपास सेंटीमीटरभर वरच थांबते. त्यात तळ मधे फुगीर, त्यामुळे उरलेलं सीरम कडेच्या खाचेत जाऊन बसतं. बिनसुईच्या 5 मिलीच्या सिरिंजने ओढून मोजलं तर दर बाटलीत अडीच मिलीच्या आसपास निघतं. बाटली 1,650 रुपयांची, म्हणजे मिलीला 55 रुपये. तीन बाटल्यांत 400 रुपयांच्या वरचा माल तळाशी! एवढ्यात सनस्क्रीनची ट्यूब येते. कस्टमर केअरला फोटोसकट तक्रार केली, तर उत्तर काय, तर वापरण्यापूर्वी बाटली हलवा.

शाम्पूसारखं पाणी घालून खळखळवून संपवायचा मोह होतो, पण इथे नको. पाण्याने प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. सिरिंजने काढा, एक-दोन दिवसांत संपवा. बाटली उलटी ठेवलीत तर रबरी बोंडी भिजून चिकट होते, तेही करू नका.

आता आतल्या मालाचं. पहिल्या बाटलीच्या शेवटी मत चांगलं होतं: त्वचा मऊ, डोळ्यांखालचा कोरडेपणा कमी. दुसरीच्या मध्यावर ते बदललं. सकाळी सीरमवर सनस्क्रीन चोळलं की हनुवटीपाशी आणि कानशिलावर बारीक पांढऱ्या शेवया निघतात, अंघोळीत मळ निघतो तशा. आधी खापर सनस्क्रीनवर फोडलं. मग एका हातावर नुसतं सनस्क्रीन आणि दुसऱ्यावर सीरम लावून पाच मिनिटांनी सनस्क्रीन, असं करून पाहिलं. शेवया फक्त दुसऱ्या हातावर. सीरमला दाटपणा झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाचा. तो वाळून पापुद्रा धरतो आणि वरून सिलिकॉनचं सनस्क्रीन घासलं की दोन्ही मिळून वळतात. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. शेवयांबरोबर सनस्क्रीनही निघतं, म्हणजे उन्हापासून वाचवायला घेतलेली बाटली उन्हासाठी वाट मोकळी करते.

थेंब दहावरून पाचावर आणले, चोळण्याऐवजी थापलं, की शेवया कमी होतात, जात नाहीत. खरा उपाय म्हणजे सीरम फक्त रात्री लावणं. त्यात ऊन अडवणारा एकही फिल्टर नाही, तेव्हा सकाळी लावून मिळतं काय?

'स्टेम सेल' या शब्दावर जाऊ नका. सीरममधला हा सफरचंदाचा घटक मिबेल बायोकेमिस्ट्री या स्विस कंपनीने 2008 मध्ये आणला, उट्टविलर श्पेटलाउबर या जुन्या, टिकाऊ सफरचंदापासून. फळाच्या तुकड्याला जखम केली की तिथे पेशींचा गोळा धरतो. तो टाकीत वाढवतात, मग प्रचंड दाबाखाली पेशी फोडतात आणि आतला अर्क लेसिथिन या स्निग्ध पदार्थात गुंडाळतात. बाटलीत जिवंत पेशी एकही नसते, आणि असती तरी सफरचंदाची पेशी माणसाच्या त्वचेत रुजत नाही. आपल्या स्टेम सेल एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या बाहेरच्या आवरणाच्या, तळच्या थरात आणि केसांच्या मुळाशी असतात. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी त्यांच्या डीएनएत गाठी पाडतो. यूव्हीए खाली उतरून कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, कापणारी एन्झाइम वाढवतो. सीरम या दोन्हींच्या आड येत नाही.

कंपनीच्या माहितीत 20 जणांवरची चाचणी आहे: 2 टक्के घटकाचं क्रीम, 4 आठवडे, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांची खोली 15 टक्क्यांनी कमी. मोजल्या सुरकुत्या, उन्हाचं नुकसान नाही. शिवाय ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, त्यानेही बारीक रेषा भरल्यासारख्या दिसतात. याउलट ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरमध्ये 903 प्रौढांना साडेचार वर्षं पाहिलं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या तुलनेत, 24 टक्के कमी म्हातारी झाली. निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले.

क्लिनिकमध्ये चेहऱ्यावर 'स्टेम सेल इंजेक्शन' देऊ करत असतील तर तिथूनच परत फिरा. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या काही विकारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त परवानगीच्या चाचणीतच करता येतो.

सध्याचा क्रम असा. सकाळी चेहरा धुऊन साधं मॉइश्चरायझर, दहा मिनिटांनी दोन बोटांच्या लांबीचं एसपीएफ 50, मान आणि कान धरून. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रात्री ओलसर चेहऱ्यावर सीरमचे पाच थेंब, वर क्रीम. सुरकुत्यांसाठीच पैसे घालायचे असतील तर डॉक्टरांना विचारून ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषधी क्रीम) 0.025 टक्के, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू. गरोदरपणात मात्र नाही.

आणि तरी सीरम घ्यायचंच असेल तर एअरलेस पंपाची बाटली बघा. तिच्यात पिस्टन खालून वर सरकतो, त्यामुळे तळाशी फारसं उरत नाही.