ढगातला डोळा की सरपटणारा मेंदू?

'द ट्रोलेनबर्ग टेरर' आणि 'फीन्ड विदाउट अ फेस' हे दोन भयपट. दोन्ही 1958चे, दोन्ही कृष्णधवल, दोन्हींच्या खिशात खडखडाट. एकाच रात्री एकच बघायचा असेल तर राक्षसापेक्षा त्याचा आडोसा कसा रचलाय ते बघा.

सुरुवात ट्रोलेनबर्गची सरस, यात वाद नाही. स्विस डोंगरावर दोरीला लटकलेला गिर्यारोहक, आणि धडावर मुंडकं नाही. जॅनेट मन्रोची मनकवडी मुलगीही लक्षात राहते. मूळची ही टीव्ही मालिका, त्यामुळे जिमी सँगस्टरच्या पटकथेत पाल्हाळ नाही. घ्यायचाच तर ब्रिटिश प्रत घ्या; अमेरिकेत 'द क्रॉलिंग आय' या नावाने आलेली प्रत छाटलेली आहे.

पण तो ढग! डोंगराचा फोटो आणि त्यावर कापूस. ढग जागचा हलत नाही हेच कथेतलं रहस्य असल्यामुळे थोडा वेळ खपतं. मात्र वेधशाळेतली माणसं तो टीव्हीच्या पडद्यावर पुन्हापुन्हा न्याहाळतात, आणि आपल्यालाही न्याहाळायला लावतात. खऱ्या ढगाची कड सतत विरत असते, त्याची सावली खडकावर सरकते. इथे कड पिंजलेली ती पिंजलेलीच. एकदा कापूस दिसला की त्यातून बाहेर येणाऱ्या एकडोळ्या प्राण्याची भीती अर्धी उरते. निदान माझ्याबाबतीत तरी.

'फीन्ड'ने हाच प्रश्न फुकटात सोडवलाय: राक्षस अदृश्य. कॅनडातल्या अमेरिकी हवाई तळाजवळ माणसं मरतात, मेंदू आणि मज्जारज्जू गायब. दिसत काहीच नाही, ऐकू येतं फक्त धपधप आणि सुर्रकन ओढल्याचा आवाज. त्याबदल्यात मधला भाग रटाळ आहे हे कबूल. राक्षसांना बळ पुरवणारी तळावरची अणुभट्टी थांबवायला तिची कंट्रोल रूमच उडवून द्यायची, हा उपाय तर हसण्यावारीच न्यावा.

शेवटी मात्र राक्षस दिसू लागतात, आणि ते म्हणजे सरपटणारे मेंदूच: मणक्याची शेपटी, पुढे दोन शिंगं, अळीसारखी चाल. हे स्टॉप-मोशनचं काम म्युनिकमध्ये झालं. बाहुली कणभर सरकवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायची. गळ्याला विळखा पडतो तेव्हा नट स्वतःच ती बाहुली आवळून धरतोय असं वाटतं, तिकडे काणाडोळा करा. खिडकीवर ठोकलेल्या फळ्यांकडे मात्र नीट बघा. गोळी लागली की मेंदू बुडबुडत रक्त ओकतो, आणि त्याच फटीतून दुसरा आत डोकावतो.