तळ्यातला पंप बंद पडलाय, दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

बागेतल्या छोट्या तळ्याचा पंप बंद पडला की दोन सल्ले हमखास येतात, एक म्हणजे "फेकून दे, नवा आण" आणि दुसरा "माझ्या ओळखीचा एक वायंडिंगवाला आहे", म्हणजे मोटरची जळलेली तार नव्याने गुंडाळून देणारा. दोन्ही जरा बाजूला ठेवा आणि आधी पंपाचं नेमकं काय गेलंय ते बघा, कारण रोटर-इम्पेलर (आतलं फिरणारं चुंबक आणि त्याला जोडलेली, पाणी ढकलणारी पाती) गेला असेल तर दुरुस्तीच परवडते आणि बॉडीत पाणी शिरलं असेल तर नवाच घ्यावा लागतो, मधलं फारसं काही नसतंच. आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

आधी दुरुस्तीचं बोलू, कारण बंद पडलेल्या पंपांपैकी बरेचसे मेलेले नसतातच, जाम झालेले असतात. पुण्यात आता कितीतरी सोसायट्या आणि बंगले बोअर नाहीतर टँकरवर आहेत, ते पाणी जड, त्यामुळे रोटरवर पांढरा क्षार चढत जातो. चालू असेपर्यंत पंप चालतो, पण गुरुवारी लाईट जाऊन आली की परत सुरू होत नाही, नुसता हूं हूं करतो. असं असेल तर पुढची जाळी काढा, स्पंज धुवा, आतला इम्पेलर पकडून सरळ बाहेर ओढा, चुंबक असल्यामुळे जरा जोर लागतो. क्षार दिसला तर रोटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये नाहीतर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, बॉडीतलं भोकही आतून साफ करा. मासे असतील तर साबण अजिबात नको. स्पंजसुद्धा तळ्यातल्याच पाण्यात धुतलेला बरा, नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी बॅक्टेरिया मरतात.

एक गोष्ट बघून लोक उगाच घाबरतात. बऱ्याच छोट्या पंपांत इम्पेलरची पाती चुंबकावर थोडी सैल फिरतात, अर्ध्या फेरीपर्यंत, आणि मग अडतात. ते तुटलेलं नाही, पंप सुरू होताना चुंबकाला झटका घ्यायला जागा मिळावी म्हणून तसंच बनवलेलं असतं. पाती अडतच नसतील, गोल गोल फिरत राहत असतील, तर मात्र इम्पेलर गेला. शाफ्टवरून, म्हणजे इम्पेलर ज्यावर फिरतो त्या बारीक दांडीवरून, नख फिरवून बघा, खाच लागली किंवा सिरॅमिकचा शाफ्ट तडकलेला दिसला तर तोही बदला. दोन्ही मिळून नव्या पंपापेक्षा बरंच स्वस्त पडतं, फक्त मॉडेल नंबर नेमका तोच पाहिजे. म्हणून दुकानात जाताना जुना तुकडा खिशात घालून जा.

आता नवा कधी घ्यायचा. पंप लावला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, किंवा बॉडीला तडा दिसतोय, किंवा पाण्यातल्या भागाची वायर उंदराने नाहीतर खुरप्याने कापली गेलीय, तर दुरुस्तीचा विषय तिथेच संपवा. छोट्या पंपांत वायंडिंग इपॉक्सीत ओतून पॅक केलेलं असतं, ते उघडून परत भरता येत नाही. वायरला टेप गुंडाळून पंप परत पाण्यात सोडणं हा तर जिवाशी खेळ आहे, त्यातून घरात लहान मुलं असतील तर विचारही करू नका. वायंडिंगवाला कामाचा आहे तो अर्धा एचपी वगैरे मोठ्या सबमर्सिबलला, तिथे बेअरिंग, सील, कॅपॅसिटर, वायंडिंग सगळं बदलून मिळतं. पण त्यातल्या काही पंपांत आत तेल भरलेलं असतं आणि सील गेलं की ते तेल तळ्यात उतरतं, मासे असतील तर असला पंप दुरुस्त करूनही परत आत सोडू नये असं माझं ठाम मत.

पंप ठीक असेल पण जुना असेल तरी विजेचा हिशोब एकदा करा. ६० वॉटचा पंप २४ तास चालला तर महिन्याला साधारण ४३ युनिट, तेवढंच पाणी देणारा २५ वॉटचा मिळाला तर १८. फरक २५ युनिटचा, दर महिन्याला.

घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ६ फूट बाय ४ फूट, दीड फूट खोल तळं म्हणजे अंदाजे हजार लिटर, मासे असतील तर एवढं पाणी तासा-दोन तासांत एकदा फिरलं पाहिजे. पण खोक्यावरचं "ताशी १००० लिटर" हे शून्य उंचीचं असतं. कमाल हेड, म्हणजे पंप जास्तीत जास्त जितक्या उंचीवर पाणी चढवतो ती उंची, २ मीटर असेल आणि तुमचं कारंजं मीटरभर उंच असेल तर हातात साधारण निम्मंच पाणी येतं, म्हणून अशा तळ्याला १५००-२००० वाला बघा.

दुरुस्ती असो की नवा, पंप नसतानाचे मधले दिवस मासे कसे तगतील तेही ठरवा. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, तेव्हा फिश टँकचा साधा एअर पंप लगेच लावा. मासे नसतील तरी पाणी साचून राहू देऊ नका, डासांच्या अळ्या होतात, गप्पी मासे तरी सोडा.

पुण्यात विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत जा नाहीतर घराजवळच्या फिश टँकच्या दुकानात, पैसे देण्याआधी एक विचारा, याचा इम्पेलर सुटा मिळतो का? मिळत असेल तर पंपाबरोबरच एक घेऊन ठेवा, नसेल मिळत तर दुसरा पंप दाखवा म्हणा.